कविवर्य मोरोपंत आणि त्यांचे स्मरण

कऱ्हा नदी बारामतीवरून वाहत जाऊन सोनगावापाशी नीरेस मिळते. नीरा इंदापूर तालुक्याची दक्षिण सीमा शिवत नरसिंगपुरास भीमेच्या स्वाधीन होते. आणि भीमा ते सर्व पाणी पोटात घेऊन पंढरपुराच्या वाटेस लागते. हा क्रम आपण सर्वांनी भूगोलाच्या तासास पाठ केलेला आहे. परंतु त्यात एक विचार दडलेला आहे, तो मात्र नकाशावर दिसत नाही. सोनगावापाशी कऱ्हेचे नाव संपते. तिचे पाणी संपत नाही. नरसिंगपुरापाशी नीरेचीही तीच गत होते. नाव मागे राहते, पाणी पुढे जाते, आणि कोणा अनोळखी गावच्या शेतास ते पाजले जाते, तेव्हा ते मूळ कोणत्या नदीचे हे कोणी विचारीतही नाही.

मनुष्याचे मरण पुष्कळ अंशी असेच आहे, असे आम्हांस वाटते. विद्यार्थिमित्रहो, मरणाचा विषय काढिला म्हणून दचकू नका. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजोबांची रिकामी आरामखुर्ची आहे, किंवा ज्यांच्या आईच्या पेटीत एखादे जुने लुगडे जपून ठेविलेले आहे, त्यांस हा विषय आम्ही शिकवावा असे नाही. तथापि गेलेल्याचे स्मरण म्हणजे नेमके काय, आणि ते राखावयाचे काम कोणाचे, याचा विचार शांतपणे केलेला बरा. तो कोरडेपणाने न करिता एका थोर पुरुषाच्या चरित्राच्या आधाराने करावा, असे आम्ही योजिले आहे. हा पुरुष आपल्याच कऱ्हेच्या काठी सुमारे चाळीस वर्षे राहिला व तेथेच निवर्तला. त्याचे नाव मोरोपंत रामजी पराडकर. मराठी लोक त्यास कविवर्य मोरोपंत अथवा मयूर कवी या नावाने ओळखतात.

मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. त्यांचे मूळ घराणे कोकणातील राजापुराजवळच्या सौंदळ गावचे. वडील रामजीपंत चाकरीनिमित्त पन्हाळ्यास राहत असत. त्या गडावर केशव पाध्ये व गणेश पाध्ये हे दोन विद्वान बंधू होते. त्यांच्यापाशी मोरोपंतांनी व्याकरण, काव्य, अलंकार व वेदांत यांचे अध्ययन केले. आजच्यासारखी छापील पुस्तके त्या काळी नव्हती. जे शिकावयाचे ते गुरुमुखातून ऐकावयाचे, पोथीवरून हाताने उतरून घ्यावयाचे आणि मुखोद्गत करावयाचे, असा तो काळ होता. ज्याच्या स्मरणात विद्या राहिली तो विद्वान. ज्याची स्मृती ढळली त्याची विद्याही गेली. मोरोपंतांच्या अंगी जे शब्दांचे अपार भांडार पुढे दिसून आले, त्याचा पाया पन्हाळ्याच्या त्या ओसरीवर घातला गेला.

बारामतीस त्या काळी बाबूजी नाईक जोशी यांचे घराणे नांदत होते. हे मोठे सावकार व सरदार. पेशव्यांच्या घराण्याशी त्यांची सोयरीक होती. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांस दिलेली होती. रामजीपंत या नाईकांच्या आश्रयास आले, आणि त्यांच्या पाठोपाठ, वयाची चोविशी गाठली असता, मोरोपंतही बारामतीस आले. नाईकांच्या वाड्यात पुराण सांगावे, घरच्या मुलांस शिकवावे, आणि उरलेला सर्व वेळ काव्यरचनेत घालवावा, हा त्यांचा क्रम ठरून गेला. कऱ्हेकाठचा तो वाडा आजही उभा आहे. बारामतीस गेल्यास तो अवश्य पाहावा. परंतु पाहताना हे ध्यानात असावे की, त्या भक्कम भिंती नाईकांनी बांधिल्या, आणि आज पुष्कळ लोक नाईकांचे नाव घेतात ते त्यांच्या पदरी असलेल्या एका पुराणिकामुळे.

मोरोपंतांच्या आयुष्यात नाट्य फारसे नाही. त्यांनी लढाई मारिली नाही, राज्य मिळविले नाही, दरबारात मानाची जागा मागितली नाही. ते गृहस्थाश्रमी होते. संसार नेटका करीत असत. आणि रामावर त्यांची अढळ निष्ठा होती. त्यांचा पराक्रम म्हणावयाचा तर तो नियमितपणाचा. रोज थोडे, परंतु रोज, या रीतीने त्यांनी जी रचना केली तिची गणना पाऊण लाखाच्या घरात करितात. संपूर्ण महाभारत त्यांनी आर्या छंदात उतरविले; त्या एका ग्रंथाचीच आर्यासंख्या सतरा हजारांच्या सुमारास आहे. मराठी लोकांनी एकेका छंदावर एकेका कवीची मालकी कबूल केली आहे. त्या वाटणीत आर्या मोरोपंतांच्या वाट्यास आली, आणि ती अद्याप दुसऱ्या कोणी त्यांच्यापासून घेतलेली नाही.

रामकथा तर त्यांनी एकशे आठ वेळा सांगितली, अशी परंपरा आहे. प्रत्येक वेळी नवा नेम, नवे बंधन. एका रामायणात ओठांस ओठ लावून उच्चारावयाचे एकही अक्षर येऊ द्यावयाचे नाही. त्याचे नाव निरोष्ठ रामायण. दुसऱ्यात रामाचा तेरा अक्षरी मंत्र ओळीओळींत गुंफावयाचा. त्याचे नाव मंत्ररामायण. मुलांनो, प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य करून तुम्ही दहा वाक्ये बोलून पाहा, म्हणजे त्या नेमाची कठीणता तुमच्या अनुभवास येईल. आणि ज्या रामाची कथा सांगावयाची त्याच्या नावातच म आहे हे लक्षात आले म्हणजे तर तुम्ही थक्क व्हाल. काही टीकाकारांनी यास शब्दांची कसरत म्हटले आहे, आणि ते सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. मोरोपंतांची भाषा संस्कृतप्रचुर आहे, समास लांब आहेत, आणि पहिल्या वाचनात पुष्कळदा अर्थ हाती लागत नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु एकच कथा एकशे आठ वेळा सांगणारा मनुष्य केवळ चातुर्य दाखविण्यासाठी तेवढे श्रम करील असे आम्हांस वाटत नाही. आवडत्या माणसाची गोष्ट आपण पुनःपुन्हा का सांगतो? ती ऐकणाऱ्यास ठाऊक नसते म्हणून नव्हे. सांगताना ते माणूस जवळ येऊन बसते म्हणून. मोरोपंतांचे रामस्मरण या जातीचे होते.

येथे त्यांच्या आणखी एका रचनेचा उल्लेख केला पाहिजे. तिचे नाव सन्मणिमाला. तीत त्यांनी आपल्यापूर्वी होऊन गेलेल्या संतांचे आदरपूर्वक स्मरण केले आहे. जणू एकेक संत हा एकेक मणी, आणि कवीचे काम एवढेच की दोरा तुटू द्यावयाचा नाही. एवढा मोठा पंडित, परंतु आपल्या आधीच्यांची नावे घेताना तो शिष्याच्या जागी जाऊन बसतो. स्वतःचे नाव मागे राहावे म्हणून धडपडणारे लोक जगात फार. दुसऱ्याचे नाव राहावे म्हणून लेखणी झिजविणारे थोडे. मोरोपंत या थोड्यांपैकी होते.

त्यांचा काळही मरणाचा विसर पडू देणारा नव्हता. ते जन्मले तेव्हा थोरले बाजीराव पेशवाईवर होते. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. विश्वासराव व सदाशिवरावभाऊ पडले. महाराष्ट्रात बांगडी फुटली नाही असे घर विरळा, असे त्या वर्षाविषयी आजही बोलतात. १७७२ साली थोरले माधवराव ऐन तारुण्यात क्षयाने गेले. १७७३ साली नारायणरावांचा शनिवारवाड्यातच खून झाला. पुण्याहून बारामती दूर नाही. या सर्व वार्ता नाईकांच्या वाड्यात पोहोचतच असतील. ज्या हातांत दौलत आज आहे ते हात उद्या नसतात, हे पाहण्यासाठी मोरोपंतांस पुराणातील राजांकडे जाण्याची गरज नव्हती.

अशा काळात, उत्तर वयात, त्यांच्या हातून केकावली हे लहानसे काव्य उतरले. पाऊण लाख रचनेपुढे त्याचे सव्वाशेच्या आसपास श्लोक म्हणजे काहीच नव्हे; परंतु कवीचे हृदय पाहावयाचे तर तेथेच पाहावे. केका म्हणजे मोराची हाक. आपल्या नावावरूनच त्यांनी हे नाव योजिले: मेघास पाहून मोराने हाका माराव्या, तशा या कवीने देवास मारिलेल्या हाका. ज्यांनी बारामती-इंदापूरचा उन्हाळा पाहिला आहे त्यांस या नावाचे मर्म निराळे समजावून सांगावे लागणार नाही. हा मुलूख अवर्षणाचा. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, त्यापूर्वी तर सारी भिस्त आभाळावरच. ज्येष्ठ संपत आला, तुकोबांची पालखी बारामती व इंदापूर या वाटेने पंढरीस निघून गेली, तरी ढग नुसते वरून सरकत राहतात. आणि अशा वेळी माळावरून मोराची हाक ऐकू आली म्हणजे शेतकरी हातातले काम टाकून वर पाहतो. ती हाक आनंदाची आहे की व्याकुळतेची, हे सांगणे कठीण. केकावलीची हाक अशीच आहे.

या काव्यात पांडित्याचा तोरा गळून पडला आहे. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यास पुराण सांगितले, तो येथे स्वतःचे दोष मोजीत देवाच्या दाराशी उभा आहे. कधी विनवितो, कधी रुसतो, कधी भांडतोही. धन, मान, दीर्घायुष्य यांसाठी त्याचे भांडण नाही. सज्जनांची संगत लाभावी, चांगले कानी पडावे, बुद्धीचा मळ जावा, एवढेच त्याचे मागणे. मरणाची चाहूल लागलेल्या मनुष्याने काय मागावे, याचा हा उत्तम वस्तुपाठ होय. कारण जे मरणाने हिरावले जाते ते त्याने मागितलेच नाही.

१७९४ साली, १५ एप्रिल रोजी, चैत्री पौर्णिमेस, मंगळवारी मोरोपंतांनी बारामती येथे देह ठेविला. वय पासष्टीच्या सुमारास होते. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीस, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले होते. ज्यांच्या शब्दावर दिल्लीचा बादशहा चालत असे अशा त्या पुरुषाच्या मृत्यूने सर्व हिंदुस्थानचे राजकारण हादरले. बारामतीच्या पुराणिकाच्या मृत्यूने एका गावात व काही विद्वानांच्या घरी तेवढे दुःख झाले असेल. पुढे १८१८ साली पेशवाईच बुडाली. महादजींचे नाव इतिहासात अजरामर आहे, यात शंका नाही. परंतु त्यांनी उभारिलेली सत्ता गेली. कऱ्हेकाठच्या दौतीत बुडविलेल्या बोरूचे काम मात्र तसेच उरले. दोघांस मरणाने सारखेच नेले. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू सारख्या नव्हत्या.

परंतु, मित्रहो, ते काम आपोआप उरले असे समजू नका. आमच्या लेखाचा खरा मुद्दा येथेच आहे. कागद वाळवीच्या तोंडी जातो, पोथी भिजते, वारस बेफिकीर निघतो. मोरोपंतांच्या एकशे आठ रामायणांपैकी काही आज कोठेच मिळत नाहीत. एवढ्या श्रमाने रचिलेली, परंतु कोणी उतरून घेतली नाहीत, कोणी पाठ केली नाहीत. म्हणून ती कवीच्या देहामागून नाहीशी झाली. जी राहिली ती राखणारे कोणी तरी होते म्हणून राहिली.

हे राखणारे कोण, त्यांचीही नावे घेऊ. सोलापूरचे शाहीर राम जोशी हे लावण्यांबद्दल प्रसिद्ध होते. मोरोपंतांच्या कवितेचा त्यांच्या मनावर असा परिणाम झाला की, त्यांनी कीर्तनाची वाट धरिली आणि पंतांच्या आर्या गावोगाव लोकांच्या कानी घातल्या, असे परंपरेने सांगतात. अनेक हरिदासांनी तेच केले. ज्यांस अक्षरओळख नव्हती अशा शेकडो लोकांनी देवळाच्या ओसरीवर बसून मोरोपंत ऐकले. पुढे छापखाने आले. १८५४ साली परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी नवनीत नावाचा वेचा सिद्ध केला, आणि त्यातून शाळेशाळेतील मुले पंतांच्या आर्या पाठ करू लागली. १८६५ साली व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी केकावलीवर टीका लिहिली आणि तिला यशोदापांडुरंगी असे नाव दिले. हे नाव त्यांच्या मातापितरांचे. पाहा, एका गेलेल्या कवीचे स्मरण करिताना या विद्वानाने आपल्या आईबापांचेही स्मरण त्यातच ओवून टाकिले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून पंतांच्या कवितेची थोरवी सांगितली. १९०८ साली ल. रा. पांगारकरांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. अशी ही हातांची साखळी आहे. यातील एक हात जरी आखडता घेतला असता, तरी आज आपणांपर्यंत पोहोचले त्यातील किती तरी वाटेतच राहिले असते.

गतवर्षी आम्ही एका वर्गास मोरोपंतांविषयी काही ठाऊक आहे काय, असे विचारिले. बहुतेकांनी माना खाली घातल्या. एक मुलगा मात्र म्हणाला की, आमची आजी रोज सकाळी चूल पेटविताना त्यांचे एक कवन म्हणते. पुढे पालकांच्या भेटीच्या दिवशी त्या आजींची गाठ पडली. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी त्यांचे गाव होते. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि आसपासच्या अनेक गावांबरोबर तेही पाण्याखाली गेले. घर गेले, तुळशीवृंदावन गेले, ज्या शाळेत त्या चौथीपर्यंत शिकल्या ती शाळा गेली, आणि ज्या माळावर सासऱ्यांना अग्नी दिला तो माळही गेला. एखाद्या वर्षी धरणाचे पाणी फार ओसरले म्हणजे पळसदेवाच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते आणि लोक होड्यांतून पाहावयास जातात. आजींच्या घराचे तसे काही वर येत नाही. त्या म्हणाल्या की, गावातून आणिलेले आता दोनच जिन्नस उरले आहेत: एक पाटा-वरवंटा आणि दुसरे ते शाळेत गुरुजींनी पाठ करून घेतलेले कवन. असे म्हणून त्यांनी सत्संगतीची मागणी करणारा केकावलीतील तो सर्वश्रुत श्लोक एकही अक्षर न चुकता म्हणून दाखविला. तो कोणाचा हे मात्र त्यांस ठाऊक नव्हते. त्यांच्यापुरता तो त्यांच्या गावचा होता, त्यांच्या गुरुजींचा होता.

आम्ही त्यांस कवीचे नाव सांगितले. परंतु सांगता सांगताच मनात आले की, येथे खरे शिकणारे आम्हीच आहोत. सोनगावापाशी कऱ्हेचे नाव संपते आणि पाणी पुढे जाते, ते असे. मोरोपंतांचे नाव या माउलीपर्यंत पोहोचले नव्हते. त्यांची हाक पोहोचली होती. आणि त्या हाकेबरोबर एक बुडालेले गाव व एक विस्मृत गुरुजी, ज्यांचे नाव कोणत्याही चरित्रात येणार नाही, तेही दररोज सकाळी चुलीच्या उजेडात थोडा वेळ जिवंत होत होते.

इंदापुरास मालोजीराजांची गढी आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, ही गोष्ट ती गढी आपणांस सांगते. अशी स्थळे जपलीच पाहिजेत, आणि तीही कोणी तरी जपतो म्हणूनच उभी राहतात. परंतु दगडाचे स्मारक उभारणे प्रत्येकाच्या हाती नसते. मुखातले स्मारक मात्र चौथीतल्या मुलाच्याही हाती आहे. त्यास जागा लागत नाही, वर्गणी लागत नाही, धरणाच्या पाण्याचे भय नाही. त्यास लागते ती फक्त थोडी आस्था आणि रोजचा थोडा वेळ. मोरोपंतांनी चाळीस वर्षे दिला तेवढा नव्हे, केवळ पाव घटका.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, घरातील वडील माणसांस जे पाठ आहे ते मुलांच्या कानी पडू द्यावे. ओवी असो, स्तोत्र असो, गीत असो, की केवळ गावाची एखादी जुनी गोष्ट असो. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आमचे सांगणे एवढेच की, या सुट्टीत आपल्या आजीआजोबांपाशी बसून त्यांच्या तोंडची एक तरी गोष्ट शब्दशः पाठ करा, व तिच्याबरोबर ती त्यांस कोणी शिकविली त्याचे नावही विचारून घ्या. ते उद्या विचारू म्हणून टाळू नका. उद्या आपण असू. ते असतीलच असे नाही. मरण टाळणे कोणाच्या हाती नाही. परंतु गेलेल्याच्या मागे दोरा तुटू न देणे आपल्या हाती आहे. बारामतीच्या त्या थोर मयूराने जन्मभर तेच केले, आणि त्याच्यासाठी इतरांनी तेच केले, म्हणून दोन शतकांवर काळ लोटला तरी त्याची केका आपल्या माळावर अजून ऐकू येते.